सॉकेट ऑप्शन: एका ओळीत दोन कोंबले की कर्नलला एकच ऐकू जातो

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते. ससून डॉकवरून मासळी घेऊन निघणाऱ्या बर्फाच्या गाड्यांमध्ये टेम्परेचर मोजणारं डिव्हाइस आहे, त्यात मोबाईलचं सिम, आणि ते टीसीपीवरून तुझ्या लिनक्स सर्व्हरला दर मिनिटाला एक रीडिंग पाठवतं. सर्व्हर सी मध्ये, तूच लिहिलेला. रीस्टार्ट केला की मिनिटभर "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" यायचं म्हणून कुठूनतरी एक ओळ उचलून टाकलीस, एरर गेला, पण तेव्हापासून कधीकधी रीस्टार्टनंतर निम्म्या गाड्यांचं रीडिंग डॅशबोर्डवर दिसतच नाही. शिवाय बंद पडलेल्या गाड्या तासन् तास "कनेक्टेड" दिसतात, आणि सर्व्हरकडून डिव्हाइसला जाणारी छोटी कमांड उगाच चाळीसेक मिलिसेकंद अडकते. सिनियरनी पाच ऑप्शन सांगितलेत, रीयूज-ॲड्रेस, कीप-अलाइव्ह, नो-डिले, लिंगर आणि रिसीव्ह बफर, "सगळे टाकून बघ". तू विचारतोयस, "ताई, यातले नेमके कुठले टाकू?"

सगळे टाकून बघू नकोस. ती उचललेली ओळच तुझ्या निम्म्या गाड्या खातेय, तिथूनच सुरू करते.

त्या ओळीत तू सेटसॉकऑप्टला, म्हणजे सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्या बाजूच्या टोकावर) ऑप्शन लावणाऱ्या कॉलला, ऑप्शनचं नाव म्हणून रीयूज-ॲड्रेस आणि रीयूज-पोर्ट यांच्यामध्ये ऑरची उभी रेघ घालून दोन्ही एकदम दिलेत. ही ओळ मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता कोणाचाही सर्व्हर हातात आला की पहिल्यांदा तीच शोधते. दिसायला अगदी बरोबर दिसते, कारण ओपन करताना किंवा सेंड करताना आपण फ्लॅग असेच जोडतो ना, तिथे प्रत्येक फ्लॅगचा स्वतःचा वेगळा बिट असतो म्हणून ते चालतं. सेटसॉकऑप्टचं तसं नाही, तिथे ऑप्शनचं नाव हा एक साधा नंबर आहे, घराच्या नंबरासारखा, आणि दोन घरांचे नंबर एकत्र केलेस तर तिसऱ्याच घराची बेल वाजते. लिनक्सवर नेहमीच्या मशीनला रीयूज-ॲड्रेस म्हणजे २ आणि रीयूज-पोर्ट म्हणजे १५. आता २ आणि १५ चा ऑर काढ. १५ येतो. म्हणजे तू कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, फक्त रीयूज-पोर्ट सांगितलंस, रीयूज-ॲड्रेस कधी लागलंच नाही, आणि कर्नलनी बिचाऱ्यानी शून्य परत दिला कारण १५ हा त्याच्या दृष्टीनी अगदी वैध ऑप्शन आहे. हाच कोड मॅकवर चालवलास तर तिथे ते नंबर वेगळे आहेत, ऑर करून जो आकडा येतो त्या नावाचा ऑप्शनच नाही, त्यामुळे कॉल सरळ फेल होतो. लिनक्सवर तो फेल होत नाही, खरी अडचण तीच आहे.

आता रीयूज-पोर्ट काय करतं ते बघ. लिनक्समध्ये ते कर्नल ३.९ पासून आलं, २०१३ साली, आणि त्याचा उद्देशच असा की एकाच पोर्टवर अनेक प्रोसेसनी ऐकत बसावं आणि नवीन येणारी कनेक्शन्स कर्नलनी त्यांच्यात वाटून द्यावीत. अट इतकीच की प्रत्येक सॉकेटनी बाइंडच्या, म्हणजे पोर्ट धरण्याच्या, आधी तो ऑप्शन लावलेला असला पाहिजे आणि सगळ्या प्रोसेस एकाच युजरच्या असल्या पाहिजेत. वाटप होतं दोन्ही बाजूंचे आयपी आणि पोर्ट मिळून काढलेल्या हॅशवर. तुझी रीस्टार्ट स्क्रिप्ट जुन्या प्रोसेसला टर्म सिग्नल देते आणि लगेच नवीन सुरू करते, जुनी कधीकधी डेटाबेसला लिहिताना अडकून मरत नाही, आणि आधी अशा वेळी नवीन प्रोसेस बाइंडलाच आपटली असती आणि तुला कळलं असतं. आता ती आपटत नाही, दोघी शेजारी शेजारी बसून ऐकतात, निम्म्या गाड्या जुनीकडे जातात, आणि जुनी अडकलेली असल्यामुळे तिच्याकडचं काही डॅशबोर्डपर्यंत पोचत नाही. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी असं झालं की एसएस कमांड एलटीएनपी लावून चालव, त्या पोर्टच्या दोन लिसन ओळी आणि दोन वेगळे पीआयडी (प्रोसेसचे नंबर) दिसतील. रीयूज-पोर्ट वाईट नाही, चार-आठ वर्कर प्रोसेस मुद्दाम चालवायच्या असतील तर फार कामाचं आहे, पण तुझी एकच प्रोसेस आहे, तुला ते नको.

मग रीयूज-ॲड्रेस एकटं, वेगळ्या कॉलमध्ये, बाइंडच्या आधी. बाइंडनंतर लावून उपयोग नाही, तोवर एरर येऊन गेलेला असतो. आणि हे लावतो म्हणजे काय करतो ते समजून घे.

जी बाजू कनेक्शन आधी बंद करते ती बाजू टाइम-वेटमध्ये जाते. सर्व्हर मारलास की तो बंद करणारा ठरतो, म्हणून टाइम-वेट तुझ्या बाजूला साचतात. ते का असतं? लालबागच्या चाळीतली एखादी खोली रिकामी झाली तरी जुन्या भाडेकरूच्या नावाची पत्रं थोडे दिवस येतच राहतात, आणि त्याच आडनावाचा नवीन भाडेकरू दुसऱ्याच दिवशी आला तर जुन्याचं पत्र तो आपलं समजून फोडेल. टीसीपीतही जुन्या कनेक्शनचं वाटेत रेंगाळलेलं पॅकेट त्याच आयपी-पोर्टच्या जोडीवर उघडलेल्या नवीन कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून ती जोडी थोडा वेळ राखून ठेवतात, आणि शेवटचा ॲक (मिळाल्याची पोच) हरवला तर समोरच्याचा परत आलेला फिन (बंद करतो असा निरोप) घ्यायला कोणीतरी जागेवर हवं हे दुसरं कारण. लिनक्समध्ये हा वेळ ६० सेकंद, आणि तो कर्नलमध्येच बांधलेला आहे. बरेच लोक टीसीपी-फिन-टाइमआऊटचं सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग) कमी करतात आणि टाइम-वेट कमी झाला असं समजतात, ते सेटिंग फिन-वेट-टू नावाच्या वेगळ्या अवस्थेसाठी आहे, टाइम-वेटला हातही लावत नाही.

रीयूज-ॲड्रेस कर्नलला एवढंच सांगतं की या पोर्टवर जुनी टाइम-वेट पडलेली असली तरी मला ऐकायला बसू दे. दुसरं कोणी जिवंत त्या पोर्टवर लिसन करत असेल तर लिनक्स तरीही नाहीच म्हणतो, आणि तुला तेच हवंय. एक बारीक गोष्ट आहे जी माहीत नसली की माणूस गोंधळतो: लिनक्स हे बघतो की जुन्या सॉकेटवरही रीयूज-ॲड्रेस लागलेलं होतं का. म्हणजे तू आज ओळ सुधारलीस तरी पहिल्या रीस्टार्टला मिनिटभर तोच जुना एरर येऊ शकतो, कारण मागे राहिलेली टाइम-वेट जुन्या कोडची आहेत. "ताई बदललं तरी होत नाही" म्हणून परत जुनी ओळ टाकशील, ते करू नको, एक मिनिट थांब आणि दुसऱ्यांदा रीस्टार्ट करून बघ.

दुसऱ्यांदाही एरर आला तर पोर्ट खरंच कोणीतरी धरून बसलंय. ती कायम जुनी प्रोसेसच असते असं नाही. सर्व्हरमधून तू सी च्या सिस्टीम नावाच्या फंक्शननी एखादी शेल स्क्रिप्ट चालवत असशील तर लिसनिंग सॉकेटचा डिस्क्रिप्टर (प्रोसेसकडचा त्याचा नंबर) त्या स्क्रिप्टकडे वारशानी जातो, सर्व्हर मेला तरी स्क्रिप्ट जिवंत असेल तर पोर्ट अडकलेलाच राहतो. त्यासाठी सॉकेट बनवतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा (दुसरा प्रोग्राम सुरू होताना आपोआप बंद हो) फ्लॅग द्यायचा, लिनक्स २.६.२७ पासून सॉकेट कॉलच्या टाइपमध्येच तो ऑर करून देता येतो. बघ, इथे ऑर चालतो, कारण हे खरे फ्लॅग आहेत. विंडोजवर हा कोड कधी नेलास तर तिथे रीयूज-ॲड्रेसचा अर्थच वेगळा आहे, दुसरी प्रोसेस चालू असलेल्या सर्व्हरचा पोर्ट सरळ बळकावू शकते, म्हणून तिथे एक्सक्लुझिव्ह-ॲड्रेस-यूज नावाचा उलटा ऑप्शन लावतात.

ऑप्शनच्या नावाइतकाच घात करणारा म्हणजे लेव्हल, ऑप्शन कुठल्या थराचा ते सांगणारा दुसरा आर्ग्युमेंट. पंधरा वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही पाच दिवस याच्यावर घालवले म्हणून सांगते. नो-डिले हा, छोटं पॅकेट अडवून ठेवू नको असं सांगणारा, टीसीपीच्या लेव्हलचा ऑप्शन आहे, त्याचा नंबर १. कोडमध्ये कोणीतरी लेव्हल सॉकेटची दिली होती. सॉकेटच्या लेव्हलला १ नंबर म्हणजे डीबग. साध्या युजरनी चालवलं असतं तर परवानगी नाही असा एरर आला असता, पण आमचा सर्व्हर रूट म्हणून चालायचा, रूटला डीबग लावायची परवानगी असते, त्यामुळे शून्य परत आला, आम्ही रिटर्न व्हॅल्यू तपासतही होतो, सगळं छान, आणि नो-डिले मात्र लागलेलंच नाही. आजकाल अर्धे कंटेनर रूटनीच चालतात. तिथे रूटच्या सगळ्या कपॅबिलिटी (सुटे अधिकार) नसतात हे बरं, पण प्रिव्हिलेज्ड कंटेनर असेल तर हेच होणार. उलटंही होतं: कीप-अलाइव्हचा नंबर ९, तो चुकून टीसीपीच्या लेव्हलला दिलास तर तिथे ९ म्हणजे डिफर-ॲक्सेप्ट, म्हणजे डेटा आल्याशिवाय ॲक्सेप्टला उठवू नको. तोही मुकाट्यानी लागतो. म्हणून रिटर्न व्हॅल्यू तपासणं पुरत नाही, लावल्यावर गेटसॉकऑप्टनी परत वाचून लॉगमध्ये लिहायचं, किंवा प्रोग्रामचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसनी सेटसॉकऑप्टचे कॉल बघायचे, तो नंबरांची नावं करून दाखवतो. तुझ्या जुन्या ओळीवर एसट्रेस चालवून बघ, तिथे फक्त रीयूज-पोर्ट लिहून येईल, स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघच. आणि व्हॅल्यू म्हणून पूर्ण इंट दे, एका बाइटचा बूल दिलास तर साइझ कमी पडतो म्हणून कर्नल इनव्हॅलिड आर्ग्युमेंट देतो.

आता बंद गाड्या कनेक्टेड का दिसतात. हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण माझी नेटवर्कची खरी शिकवणी इथेच झाली.

तेव्हा मी ट्रकच्या ट्रॅकिंगचं काम करायचे, भिवंडीच्या गोदामांतून माल भरून नाशिककडे निघणारे ट्रक, कसारा घाटात शिरले की सिग्नल जायचा, डिव्हाइस वैतागून स्वतःला रीबूट करायचं आणि वर पोचल्यावर नवीन कनेक्शन उघडायचं. जुनं कनेक्शन बंद करायला ना फिन आला ना रीसेट. टीसीपीमध्ये दोन्ही बाजू गप्प बसल्या तर वायरवरून काहीही जात नाही, म्हणून आमच्या सर्व्हरच्या हिशोबी ते कनेक्शन एस्टॅब्लिश्डच, दिवस दिवस. एका ट्रकची रोज दोन-चार अशी मेलेली कनेक्शन्स साचायची. डिस्क्रिप्टरची मर्यादा होती १०२४. जुलैच्या एका रात्री, पाऊस धो धो, लोकल बंद, मी मुलुंडला घरी अडकलेली, आणि ॲक्सेप्टला "टू मेनी ओपन फाइल्स" यायला लागलं. त्यात लिसनिंग सॉकेट ईपोलमध्ये (कुठल्या सॉकेटवर काम आलंय ते सांगणारी सोय) लेव्हल-ट्रिगर्ड, म्हणजे ॲक्सेप्ट होत नाही पण ईपोल सारखं सांगतंय की कनेक्शन आलंय, सीपीयू शंभर टक्के, आणि नवीन एकही ट्रक आत येत नाही. सगळ्यांनी सुचवलं मर्यादा वाढवा. वाढवली. आठवड्यानी परत तेच झालं, कारण साठा वाढत होता आणि उपसा कुठेच नव्हता.

उपसा म्हणजे कीप-अलाइव्ह. सॉकेटच्या लेव्हलला कीप-अलाइव्ह चालू केलंस की कनेक्शन शांत असताना कर्नल मधूनमधून एक छोटं पॅकेट पाठवून विचारतो, आहेस का. पण नुसतं चालू करून थांबलास तर लिनक्सचे डिफॉल्ट आकडे लागतात: पहिला प्रश्न ७२०० सेकंद शांततेनंतर, मग दर ७५ सेकंदांनी, ९ वेळा उत्तर नाही आलं की मेलं. बेरीज कर, ७८७५ सेकंद, म्हणजे २ तास ११ मिनिटं. ससून डॉकवरून निघालेली गाडी तोवर कुठल्या कुठे पोचते आणि बर्फाचं पाणी झालेलं असतं. म्हणून टीसीपीच्या लेव्हलचे अजून तीन ऑप्शन सोबत लावायचे, कीप-आयडल, कीप-इंटरव्हल आणि कीप-काउंट. तुझं डिव्हाइस दर मिनिटाला बोलतंच, तेव्हा आयडल ९०, इंटरव्हल १५, काउंट ४ ठेव, म्हणजे अडीच मिनिटांत मेलेलं कनेक्शन साफ. डिव्हाइस चांगलं बोलत असेल तर ९० सेकंद शांतता येतच नाही आणि एकही जादा पॅकेट जात नाही, सिमचा डेटा आणि बॅटरी दोन्ही वाचतात. मॅकवर कीप-आयडलचं नाव वेगळं आहे, तिथे त्याच कामाचा ऑप्शन टीसीपी-कीप-अलाइव्ह म्हणून येतो.

क्वचित बोलणारी डिव्हाइसेस असतील तर आयडलचा आकडा मधल्या एनएटीकडे (अनेकांचे पत्ते एका पत्त्यामागे ठेवणारा टप्पा) बघून ठरवायचा. मोबाईल कंपन्यांच्या आत, क्लाउडच्या गेटवेमध्ये, शांत कनेक्शनची नोंद ठराविक वेळानी पुसली जाते. ॲमेझॉनच्या एनएटी गेटवेत हा वेळ ३५० सेकंद आहे. ७२०० सेकंदांनी पहिलं पॅकेट पाठवणारा तोवर कधीच तुटलेला असतो, आणि त्याला माहीतही नसतं.

यात एक खाच आहे, ती मला ट्रकवाल्या कामातच कळली. कीप-अलाइव्ह फक्त कनेक्शन पूर्ण शांत असताना चालतं. तू डिव्हाइसला कमांड पाठवलीस आणि नेमकी तेव्हाच गाडी रेंजच्या बाहेर असेल, तर आता तुझ्याकडे ॲक न आलेला डेटा पडलाय, कीप-अलाइव्ह गप्प बसतं आणि रीट्रान्समिशनचं घड्याळ सुरू होतं, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबत थांबत. लिनक्सचं डिफॉल्ट १५ रीट्राय, हिशोबानी निदान ९२४ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर. आमचा ऑपरेटर स्क्रीनवर "कमांड पाठवली" बघत बसायचा आणि कमांड आमच्याच सर्व्हरच्या बफरमध्ये पडलेली असायची. यासाठी युजर-टाइमआऊट नावाचा टीसीपी ऑप्शन आहे, लिनक्स २.६.३७ पासून, की इतका वेळ ॲक आला नाही तर कनेक्शन तोड. तो मिलिसेकंदात देतात, आणि कीप-आयडल वगैरे सेकंदात, हा फरक लक्षात ठेव, नाहीतर ६० सेकंद समजून ६० लिहिशील आणि थोडं नेटवर्क ढिलं पडलं की सगळ्या गाड्या तुटतील. तुझ्यासाठी १,५०,००० ठेव, कीप-अलाइव्हच्या अडीच मिनिटांशी जुळतं. जुळवायचं कारण असं की दोन्ही लावले असतील तर कीप-अलाइव्हनी कनेक्शन कधी तोडायचं हे काउंट ठरवत नाही, युजर-टाइमआऊट ठरवतं.

आणि हे सगळं लावूनही ॲप्लिकेशनचा स्वतःचा हार्टबीट हवाच. कीप-अलाइव्हला उत्तर समोरचा टीसीपी स्टॅक देतो, डिव्हाइसवरचा प्रोग्राम हँग झाला असला तरी स्टॅक "आहे" म्हणत राहतो. तुझ्याकडे दर मिनिटाचं रीडिंग हाच हार्टबीट आहे, तीन रीडिंग चुकली की डॅशबोर्डवर लाल कर, कनेक्शनची अवस्था बघून रंग ठरवू नको. मासळीवाल्याला गाडी कनेक्टेड आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, पेटीत आत्ता किती डिग्री आहे ते त्याला हवंय.

चाळीस मिलिसेकंद. हे नेगल आणि डिलेड ॲक यांचं भांडण. जॉन नेगल फोर्ड एरोस्पेसमध्ये असताना त्यांनी १९८४ साली आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात नेगलचा नियम मांडला, तेव्हाचा त्रास असा की टेलनेटवर एक अक्षर दाबलं की एका बाइटसाठी ४० बाइटचे हेडर जायचे, ४१ बाइटचं पॅकेट, आणि हळू लाइन्स त्यातच गुदमरायच्या. त्यांचा नियम स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखा आहे: रिक्षा पूर्ण भरली तर लगेच सुटते, अर्धी भरलेली असेल तर आधी गेलेली रिक्षा पोचल्याचा निरोप आल्यावरच सुटते. वाईट नियम नाही हा. पण समोरच्या स्टँडवरचा माणूसही निरोप लगेच देत नाही, तो म्हणतो इकडून काही पाठवायचं असलं तर सोबतच सांगू, लिनक्सवर तो साधारण ४० मिलिसेकंद थांबतो. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि तुझी कमांड मध्ये उभी.

पण तुझ्या कोडमध्ये खरी चूक त्याच्याही आधी आहे. तू चार बाइटचा हेडर एका सेंडनी पाठवतोस आणि कमांड दुसऱ्या सेंडनी. पहिला लगेच जातो कारण आधीचं काही बाकी नाही, दुसरा अडकतो कारण पहिल्याचा ॲक बाकी आहे. दोन्ही एका बफरमध्ये भरून एकदाच सेंड कर किंवा राइटव्ही (अनेक बफर एकाच कॉलमध्ये पाठवणारा) वापर, अर्धा त्रास तिथेच संपेल. त्यानंतर नो-डिले लाव, टीसीपीच्या लेव्हलला. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय, कारण आधी नो-डिले लावलंस तर दोन सेंडची दोन पॅकेट्स जातील, वेग सुधारलेला दिसेल, आणि मोबाईल नेटवर्कवर प्रत्येक कमांडला एक फुकटचं पॅकेट कायमचं लागून राहील. समोरच्या बाजूला क्विक-ॲक लावायचं पण लोक सुचवतात, तो ऑप्शन टिकत नाही, कर्नल स्वतःच्या मर्जीनी परत डिलेड ॲकवर जातो, पुन्हा पुन्हा लावत बसावं लागतं.

सिनियरच्या यादीतलं लिंगर शून्य सेकंदांवर, ते काढून टाक. त्यानी क्लोज केल्यावर सेंड बफरमध्ये उरलेला डेटा फेकून दिला जातो आणि समोर फिनऐवजी रीसेट जातो. टाइम-वेट राहत नाही हे खरं, म्हणूनच लोक लावतात, पण तुझी शेवटची कमांड वाटेत मेली तर ती कशानी मेली हे तुला कधीच कळणार नाही. टाइम-वेटचा त्रास रीयूज-ॲड्रेसनी सुटलेला आहे, त्यासाठी डेटाचा बळी कशाला.

रिसीव्ह बफर वाढवायचं पाचवं. तुझी रीडिंग शे-दीडशे बाइटची, तुला लागतच नाही. कधी लागतं ते सांगते, एकाच कनेक्शनवरून मोठ्ठा डेटा लांब पाठवायचा असेल तेव्हा. वर्सोव्याला समुद्रातून ज्या केबल किनाऱ्याला लागतात त्यांच्यावरून पार अमेरिकेत जाऊन परत यायचं, समज २०० मिलिसेकंद, आणि लाइन १०० मेगाबिटची, तर कुठल्याही क्षणी वाटेत २५ लाख बाइट मावतात. बफर ६४ केबी असेल तर प्रत्येक फेरीला फक्त ६४ केबीच जाणार, म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर अडीच-पावणेतीन मेगाबिट. पण लिनक्स हे बफर स्वतः वाढवतो, आणि तू हातानी रिसीव्ह बफर सेट केलास की त्या सॉकेटसाठी ते आपोआप वाढणं बंद होतं. वाढवायला गेलेले लोक त्यामुळे बऱ्याचदा कमीच करून बसतात. परत वाचलास तर दुप्पट आकडा दिसेल, ६५५३६ दिलास तर १३१०७२, घाबरू नको, कर्नल हिशोबाच्या जागेसाठी दुप्पट करतो. आणि वरची मर्यादा आरमेम-मॅक्स या कर्नलच्या सेटिंगची, तिच्यापेक्षा जास्त मागितलंस तर एरर न देता तिथेच अडवतो.

यादीत नसलेली पण तुला लागणारी एक गोष्ट: सेंड करताना नो-सिग्नलचा फ्लॅग दे. गाडीनी कनेक्शन तोडलेलं असताना तू त्यावर लिहिलंस तर सिगपाइप येतो आणि डिफॉल्टनी अख्खी प्रोसेस मरते, एका गाडीमुळे सगळ्या गाड्या. हा खराखुरा फ्लॅग आहे, त्या एका सेंडपुरता लागतो, प्रत्येक सेंडला द्यावा लागतो, आणि इतर फ्लॅगशी ऑर करता येतो.

कुठे लावायचं ते. रीयूज-ॲड्रेस लिसनिंग सॉकेटवर, बाइंडच्या आधी. कीप-अलाइव्हचे चार, युजर-टाइमआऊट आणि नो-डिले लिसनिंग सॉकेटवर लावलेस तर लिनक्समध्ये ॲक्सेप्ट झालेल्या सॉकेटकडे ते वारशानी येतात, तरी मी ॲक्सेप्टनंतर परत लावते, सगळ्या सिस्टीम असं करतीलच याची हमी नाही आणि पुढे कोड वाचणाऱ्यालाही समोर दिसतं. नॉन-ब्लॉकिंग मात्र लिनक्सवर वारशानी येत नाही, लिसनिंग सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असला तरी ॲक्सेप्ट केलेला ब्लॉकिंगच असतो, त्यासाठी ॲक्सेप्ट-फोर वापर आणि त्यातच नॉन-ब्लॉक आणि क्लोज-ऑन-एक्झेक दोन्ही दे. रीस्टार्ट स्क्रिप्टमध्ये जुनी प्रोसेस खरंच गेली का ते बघून मगच नवीन सुरू कर, आणि ठराविक वेळात गेली नाही तर किल कर.

सगळं झाल्यावर एका डिव्हाइसची अँटेना काढ, किंवा सिमवाला टेस्ट युनिट डब्यात बंद कर, आणि सर्व्हरवर एसएस टीएनओ लावून बघत बस. त्या कनेक्शनच्या ओळीत शेवटी टायमर कीप-अलाइव्ह आणि उरलेले सेकंद दिसतील, ९० वरून खाली येतील, मग पंधरा-पंधराचे प्रश्न मोजले जातील, आणि अडीच मिनिटांच्या आसपास ओळ गायब होईल. मग तेच परत कर, पण या वेळी अँटेना काढल्यावर लगेच एक कमांड पाठव. आता टायमरच्या जागी ऑन दिसेल, म्हणजे रीट्रान्समिशन, आणि सेंड क्यूच्या रकान्यात तुझ्या कमांडचे बाइट अडकलेले दिसतील. ही ओळ पण अडीच मिनिटांच्या आसपास गेली पाहिजे. पंधरा मिनिटं राहिली तर युजर-टाइमआऊट लागलेलं नाही, तेव्हा पहिल्यांदा लेव्हल बघ.